चाळीस फुटांवर असतानाच निघावं

वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

या खेपेला पत्रांचा गठ्ठा मोठा आहे. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्राएलचं युद्ध पेटलं, त्याच सुमारास कोविडचे आकडे पुन्हा बातम्यांत दिसू लागले, आणि आपल्या सांगली-साताऱ्यातल्या किती घरांचं कुणी ना कुणी परदेशात आहे हे माझ्या टेबलावरच कळलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. पाच पत्रं निवडली आहेत. नावं छापत नाही.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी मिरजेत नर्सिंग शिकले, १९८८ मध्ये कुवेतला नोकरीला गेले, १९९० चा इराकचा हल्ला तिथं असताना झाला, आणि २०२०-२१ मध्ये मिरजेतच कोविडच्या वॉर्डात होते. खाली जे सांगते आहे ते बरंचसं या दोन ठिकाणी शिकलेलं आहे.

प्रश्न : सिस्टर, माझी मुलगी जॉर्जियात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीला घरी आली, दोह्यावरून. नंतर टीव्हीवर ते सगळं सुरू झालं. तिचे आजोबा म्हणतात, आता पोरीला पाठवायचं नाही. आमची द्राक्षबाग आहे, सोसायटीचं कर्ज काढून फी भरली आहे. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू होईल. पाठवू की नको?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, पाठवा. पण त्याआधी आजोबांना शेजारी बसवून नकाशा उघडा.

जॉर्जियाची हद्द इराणला कुठंच लागत नाही. मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान आहेत. तुमची मुलगी जिथं राहते तिथं युद्ध नव्हतं. युद्ध होतं ते तिच्या वाटेवर. २३ जूनच्या संध्याकाळी इराणनं कतारमधल्या अमेरिकेच्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा कतारनं आपलं आकाश काही तास बंद ठेवलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतूनच दुसरीकडे वळवावी लागली. म्हणजे राहायची जागा कशी आहे हा एक प्रश्न, आणि जायची-यायची वाट कशी आहे हा दुसरा. टीव्हीसमोर बसलं की या दोन्हींचा गुंता होतो आणि सगळंच पेटलंय असं वाटायला लागतं. तुमचा प्रश्न सध्या वाटेचा आहे, आणि वाट बदलता येते. आखातावरून जाणारं तिकीट थोडं स्वस्त पडतं म्हणून तेवढंच बघू नका. दिल्लीहून थेट किंवा उत्तरेकडून फिरून जाणारी विमानं आहेत का, ते पाहा. चार-पाच हजार जास्त गेले तर जाऊ द्यात.

शिक्षण मध्येच सोडायला लावू नका, असं मी म्हणते त्यालाही कारण आहे. परदेशात शिकून इथं डॉक्टरकी करायची तर वैद्यकीय आयोगाचा २०२१ चा नियम आहे : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच संस्थेत. तिसऱ्या वर्षाला भीतीपोटी घरी बसवलं तर तुमचं कर्ज तसंच राहील आणि तिची तीन वर्षं हातची जातील.

आता दुसरी बाजू, आणि ही पहिलीपेक्षा महत्त्वाची. उद्या खरंच तिच्या गावापर्यंत आग आली तर तिनं फी, हजेरी, परीक्षा यातलं काहीही न बघता निघायला हवं. हे तुम्ही तिला आत्ता, घरात असतानाच सांगून ठेवा. तुमच्या तोंडून सांगा. मुलं थांबतात ती कर्जाच्या ओझ्यानं. ‘आईबापांनी एवढं घातलंय, आणि मी पेपर टाकून कशी येऊ?’ असं त्यांच्या मनात असतं.

युक्रेनमध्ये हेच झालं. १५ फेब्रुवारी २०२२ ला आपल्या दूतावासानं सांगितलं की राहण्याची निकड नसेल तर विद्यार्थ्यांनी तात्पुरतं परत जाण्याचा विचार करावा. २० तारखेला पुन्हा तेच, जास्त स्पष्ट. २२ ला तर असं सांगितलं की ऑनलाइन वर्गांचं विद्यापीठाकडून नक्की होण्याची वाट बघत बसू नका, निघा. २४ ला पहाटे हल्ला झाला आणि आकाश बंद. त्या नऊ दिवसांत जे निघाले ते सूटकेस घेऊन विमानात बसून आले. जे राहिले ते तळघरात राहिले, थंडीत पोलंडच्या सीमेपर्यंत मैलोन् मैल चालले, रुमानिया-हंगेरीच्या नाक्यांवर रांगांत उभे राहिले. सरकारनं ‘ऑपरेशन गंगा’ काढून हजारो मुलं आणली, त्याचं मोल मोठं आहे. पण खारकीवमध्ये वाणसामानाच्या रांगेत उभा असलेला कर्नाटकातला एक मुलगा परत आला नाही. त्याच्या आईची आठवण झाली की मला हे सगळं पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. ज्यानं पूर पाहिलाय तो चाळीसला म्हातारी माणसं, जनावरं आणि कागदपत्रं हलवतो, कारण तेव्हा रस्ता कोरडा असतो. जो म्हणतो ‘आमच्या दारापर्यंत कधी आलं नाही’, त्याला पुढं बोट लागते. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि ब्रह्मनाळला बोटच उलटली. दूतावासाची पहिली सूचना म्हणजे चाळीस फूट. तिसऱ्या सूचनेची वाट बघायची नाही.

त्यासाठी आत्ताच करायच्या गोष्टी. तिकडं पोचल्या पोचल्या भारतीय दूतावासात तिनं नाव नोंदवावं, पत्ता बदलला की पुन्हा कळवावं. आपल्या इथल्या मुलींना मी विचारते तेव्हा निम्म्यांनी नोंदवलेलं नसतं. पासपोर्ट, व्हिसा, राहण्याचा परवाना, फीच्या पावत्या आणि मार्कांचे कागद यांच्या झेरॉक्स एक संच तिच्याकडं, एक तुमच्याकडं. फोनमधले फोटो पुरत नाहीत, बॅटरी संपते. दोनशे-तीनशे डॉलर रोख, सुट्या नोटांत, जे एरवी मोडायचे नाहीत. बँकखात्याला जोडलेलं इथलं सिमकार्ड चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि ऐन वेळी खात्यातले पैसे असून नसल्यासारखे होतात. आणि एकेरी तिकिटापुरती रक्कम तुम्ही वेगळी काढून ठेवा. बागेची एप्रिल छाटणी झाली, आता औषधांना पैसे लागतील, मला कळतं. तरी त्या रकमेला हात लावू नका.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती खोटी नाही.

प्रश्न : आटपाडीजवळचा आहे, वय २४, नववी पास. सौदीत शटरिंगचं काम आहे, एजंट म्हणतो सव्वा लाख दे, आठ दिवसांत व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथं गेल्यावर कामाच्या व्हिसात बदलून मिळेल. गावातला एकजण असाच गेलाय. घरचे म्हणतात युद्धाचं काय खरं नाही. जाऊ का?
— एक वाचक

उत्तर : या मार्गानं जाऊ नकोस. बाळा, युद्ध असो वा नसो, या मार्गानं नको.

तू नववी पास आहेस, म्हणजे तुझ्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, असा शेरा लागतो. सौदी, कुवेत, कतार, अमिराती, ओमान, बहरीन, इराक, मलेशिया असे एकूण १८ देश आहेत, जिथं असा पासपोर्ट असलेल्या माणसाला कामासाठी जायचं तर सरकारची परवानगी काढावी लागते. तुझ्यासारख्यांना कुणी फसवू नये म्हणूनच तो नियम आहे. ती परवानगी ‘ई-मायग्रेट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावरून मिळते, आणि तीत तुझा मालक कोण, पगार किती, करार काय, हे नोंदलेलं असतं. एजंट व्हिजिट व्हिसा दाखवतो तो ही नोंद टाळायला. नोंद टळली की तू तिथं आहेस हे आपल्या सरकारला माहीतच नाही. उद्या गडबड झाली तर दूतावासाच्या यादीत तुझं नाव कुठून येणार? आणि पाहुणा म्हणून जाऊन काम करताना सापडलास तर गुन्हा तुझा, एजंटचा नाही.

त्याच संकेतस्थळावर परवाना असलेल्या एजंटांची यादी आहे. त्याला परवाना क्रमांक विचार आणि तिथं तपास. कायद्यानं तो तुझ्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. सव्वा लाख मागतोय तिथंच ओळख पटली. विचारायला फुकट फोनही आहे, १८००११३०९०, कामासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारनं ठेवलेला.

रीतसर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, वर कर. अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. विट्याला जाऊन-येऊन चहा-नाश्ता केला तरी एवढे जातात. सव्वा लाख मागणारा माणूस या पावणेतीनशे रुपयांबद्दल बोललासुद्धा नाही, हे लक्षात घे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती तुझ्या कामाची आहे. २ ऑगस्ट १९९० ला गुरुवार होता. मी रात्रपाळी करून उतरत होते आणि रस्त्यावर रणगाडे दिसले. पहिल्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या काहीजणी निघाल्या. मला निघता आलं नाही. माझा पासपोर्ट माझ्याकडं नव्हता. आम्ही नोकरीला रुजू झालो तेव्हाच तो कचेरीत जमा करून घेतला होता, ‘सुरक्षित राहील’ म्हणून. कचेरी बंद, साहेब देश सोडून गेलेले, कपाटाला कुलूप. तीन आठवडे मी रोज त्या दाराशी जात होते. शेवटी तिथल्याच एका केरळी कारकुनानं किल्ली शोधून आम्हा अकराजणींचे पासपोर्ट काढून दिले. त्याचं नाव मी अजून देवापुढं घेते. शिवाय दोन महिन्यांचा पगार अडकला होता, तो मिळेल या आशेवर मी आणखी चार दिवस घालवले. पगार नाहीच मिळाला. आणि जवळ जे दिनार होते ते पुढं वाटेत कुणी घेईना. बसच्या भाड्यापोटी हातातल्या दोन बांगड्या दिल्या.

म्हणून सांगते : पासपोर्ट स्वतःजवळ. मालकानं मागितला तर झेरॉक्स दे. अडकलेल्या पगारासाठी थांबायचं नाही. पगार मागायला नंतर ‘मदद’ नावाच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, जीव तसा मागता येत नाही. करार तुला वाचता येईल अशा भाषेत मागून घे, त्याची प्रत आईकडं ठेव. हे सगळं रीतसर झालं तर जरूर जा. शटरिंगच्या कारागिराला तिकडं मान आहे आणि तुझ्या वयाला कष्ट झेपतील. दहावी बाहेरून देता आली तर तीही दे, मग ईसीआरची अडचणच उरत नाही.

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. मी ७१, पत्नी ६७, तिला मधुमेह, इन्सुलिन चालू. फ्रँकफुर्टला मुलीकडे तीन महिन्यांसाठी जायचे आहे. ट्रॅव्हलवाल्याने प्रवासविमा दिला आहे. विमानात पुन्हा मास्क लावावा का? विमा असल्यावर युद्धाची काळजी करायला नको ना?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, काळजी करायला हवी. विम्याची पुस्तिका काढा आणि शेवटी जिथं ‘अपवाद’ लिहिलेले असतात ते पान वाचा. आपण सगळे पहिलं पान वाचतो आणि ठेवून देतो. बहुतेक पॉलिसींमध्ये युद्ध आणि युद्धसदृश परिस्थितीतून झालेलं नुकसान अपवादात असतं. आकाश बंद झाल्यामुळं तुम्ही दोन दिवस दोह्यात अडकलात तर हॉटेलचा खर्च विमा कंपनी देईलच असं नाही. साथीच्या आजाराचंही तसंच, काही पॉलिसींत कोविडचा इलाज येतो, काहींत येत नाही. आणि वहिनींचा मधुमेह अर्जात लिहिला आहे का? एजंट कधीकधी हप्ता वाढू नये म्हणून ‘नाही’ वर खूण करतो. तसं झालं असेल तर तिकडं साखर उतरून दवाखान्यात नेलं तरी दावा नाकारला जाईल. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण ती व्हिसाची अट आहे. तेवढ्यानं तुमची सोय झाली असं समजू नका.

तिकीट मात्र जपून काढा. मुंबई ते फ्रँकफुर्ट एकाच पीएनआरवर हवं. मुंबई ते दोहा एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं घेतलं आणि पहिलं विमान उशिरा गेलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. एका तिकिटावर असाल तर पुढं पोचवण्याची जबाबदारी त्यांची राहते. शक्य असेल तर मुंबईहून थेटच जा. तुमच्या वयाला आठ-नऊ तास सलग बसणं त्रासाचं आहे, पण परक्या विमानतळावर रात्र काढण्यापेक्षा बरं. दर तासा-दीड तासानं उठून चाला, पायांत रक्त साकळत नाही.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात टाकलेलं विमानाच्या पोटात गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. सामान हरवलं तर वेगळंच. तीन महिन्यांच्या औषधांवर आणखी तीन आठवड्यांची वाढवून न्या. हे मी २०२० मध्ये शिकले. माझा भाचा तेव्हा मस्कतला होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली, ७ मेपासून ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली, दूतावासात नाव असूनही त्याची पाळी जूनच्या अखेरीस आली. तिकिटाचे पैसे स्वतःचे, इथं उतरल्यावर सात दिवस हॉटेलात, तेही स्वतःच्या खर्चानं, आणि पुढं सात दिवस घरात. थायरॉइडच्या गोळ्या त्यानं अर्ध्या-अर्ध्या करून खाल्ल्या. औषधांसोबत डॉक्टरांचं पत्र ठेवा, त्यात औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्या दुकानातलं नाव तिकडच्या फार्मसीत कुणाला कळत नाही. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा ट्रामाडॉलच्या गोळ्या कुणी दिल्या असतील तर घरीच ठेवा. अमिरातीत त्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

आणि वहिनींसाठी खास : लेकीला अनारसे नेणार असाल तर खसखस न लावता करा. सौदी, अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. तुमचा मुक्काम तिकडं नसला तरी विमान ऐन वेळी तिकडं वळवलं गेलं तर पिशवी तपासली जाऊ शकते. कंदी पेढे न्यावेसे वाटतील, पण दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरच्या देशातून नेता येत नाहीत. हरभऱ्याच्या डाळीचे, तुपाऐवजी तेलातले प्रकार चालतील, फराळात तेवढे पुष्कळ आहेत.

मास्क लावावा. सक्ती नसली तरी लावावा. विमान हवेत असताना आतली हवा सारखी गाळली जाते. गर्दी असते ती चढताना, उतरताना आणि पासपोर्टच्या रांगेत, तेव्हा मास्क खाली ओढू नका. एन-९५ असेल तर उत्तम. फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्या, दोघांनीही.

प्रश्न : उमरा करून आठ दिवसांपूर्वी आलो. काल रात्री ताप. २०२० मध्ये परदेशातून आलेल्या लोकांना गावानं कसं वागवलं ते पाहिलंय, म्हणून डॉक्टरांना प्रवासाचं सांगावं की नाही असं झालंय.
— इस्लामपूरकडचा एक वाचक

उत्तर : भाऊ, हे पत्र छापून येईपर्यंत तुमचा ताप उतरला असेल अशी आशा करते. फोन नंबर होता म्हणून लगेच फोनही केला होता, तेव्हा जे बोलले तेच इतरांसाठी लिहिते.

डॉक्टरांना प्रवासाचं पहिल्या वाक्यात सांगायचं. देश, परतल्याची तारीख, उंटांजवळ गेलात का, उंटाचं कच्चं दूध प्यालात का. अरबस्तानात ‘मर्स’ नावाचा कोरोनाच्याच कुळातला आजार २०१२ पासून आहे, तो उंटांकडून माणसात येतो आणि परतल्यावर चौदा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतो. डॉक्टरांना प्रवास माहीत नसेल तर ते डेंग्यू-मलेरियाच तपासत बसतील. पावसाळ्यात आपल्याकडं त्याचीच शक्यता जास्त असते हेही खरं, पण दोन्ही डोळ्यांसमोर असायला हवं. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची (मेनिन्जायटिसची) लस किमान दहा दिवस आधी घ्यावी, हजला ती लागतेच.

२०२० चं तुम्ही लिहिलंत ते वाचून मन खिन्न झालं. तुमच्या गावाला तेव्हा कोविडवरून सगळ्या महाराष्ट्रानं बोटं दाखवली. मी वॉर्डात होते. आलेला माणूस रोगापेक्षा शेजाऱ्यांना जास्त घाबरलेला असायचा, आणि भीतीपोटी लोक दोन-दोन दिवस उशिरा यायचे. त्या दोन दिवसांनी कितीजणांचं नुकसान केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. परदेशाहून आलेल्याचं दार गावानं ठोकावं ते डबा ठेवण्यासाठी. एवढं झालं तर कुणी ताप लपवणार नाही.

ताप-जुलाबात पाणी कमी पडू देऊ नका. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९९० ला कुवेतहून निघाल्यावर जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या छावणीत मी हेच कॅनमध्ये कालवून वाटलं होतं. अकरा दिवस आम्ही त्या वाळवंटात होतो, दिवसा भाजायचं आणि रात्री गारठायचं. तिथं गोळीनं कुणी गेलेलं मी पाहिलं नाही. जुलाबानं एक तान्हं मूल गेलं. माणसं जिथं पळून जमतात तिथं पाठोपाठ रोग येतो. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ओआरएसच्या दहा पुड्या असाव्यात, असा माझा हट्ट आहे.

प्रश्न : मी मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचं कुवेतचं आमच्या मॅडमनी वर्गात सांगितलं. एवढं झाल्यावर तुम्ही परत गेलात का? आई मला सोडायला तयार नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : गेले.

अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला उतरले, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पहाटे मिरजेला आले. अंगावर एक सलवार-कमीज, हातात पासपोर्ट, पायात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला. आई स्टेशनवर होती. तिनं काही विचारलं नाही, नुसते माझे मोकळे हात धरून उभी राहिली. दीड वर्षं मी इथंच काम केलं. धाकट्या दोघांची शिक्षणं अडली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या कामाची ओढही होती. १९९२ मध्ये कुवेतहून पुन्हा बोलावणं आलं. तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या, पण वाळू काळी होती असं पुढं मी स्वतः पाहिलं.

आईनं ‘जाऊ नको’ म्हटलं नाही. तिनं जुन्या इरकल लुगड्याचा काठ कापून एक पिशवी शिवली, गळ्यात घालून कपड्यांच्या आत राहील अशी. एका कप्प्यात पासपोर्ट, एका कप्प्यात पैसे. मग मला समोर बसवून म्हणाली, ‘परत यायचं भाडं यात आहे का, एवढंच दाखव.’ तेव्हा नव्हतं. ती म्हणाली मग थांब. तिनं भिशीचे पैसे उचलले, मी मुंबईत डॉलर घेतले, आणि मगच तिनं मला सोडलं. पुढची सतरा वर्षं मी पासपोर्ट कुठल्याही कचेरीत ठेवला नाही. एकदा त्यावरून नोकरी बदलावी लागली, बदलली.

तुझ्या आईला समजावत बसू नकोस. तिला कामाला लाव. करार तिच्यासमोर वाच, दूतावासाचा पत्ता तिच्या हातानं वहीत लिहून घे, परतीचं भाडं तिच्यासमोर मोजून वेगळं ठेव. नुसत्या शब्दांनी तिची भीती जाणार नाही, हे सगळं तिच्या हातून झालं तर ती तुला सोडेल असं मला वाटतं.

ती इरकलची पिशवी आता माझ्या भाचीकडं आहे, तीही नर्स, दोह्यात. २३ जूनला रात्री फोन लागला तेव्हा ती पार्किंगच्या तळघरात इतरांबरोबर बसली होती. मी म्हटलं, पिशवी उघड आणि आत काय काय आहे ते मला वाचून दाखव. तिनं एकेक करून वाचलं. पासपोर्ट. राहण्याचा परवाना. दूतावासाचा नंबर, कागदावर लिहिलेला. ओआरएसच्या पुड्या. चारशे डॉलर.